गिटारचा फेडर शून्यावर

केबल खुर्चीच्या पायात अडकली म्हणून सगळं उघडकीला आलं. नाहीतर आणखी सात वर्षं अशीच गेली असती, आणि धाकटी डोळे मिटून, मन लावून, कुणालाच ऐकू न जाणारी गिटार वाजवत बसली असती.

धाकटी म्हणजे कुणी कोवळी पोर नव्हे. एक्केचाळीस वर्षांची बाई, डोळ्याला चष्मा, दिवसा कानाच्या मशीनच्या दुकानात नोकरी. म्हाताऱ्याकोताऱ्यांचे कान तपासायचे, कानात मऊ लगदा भरून साचा घ्यायचा, मशीन बसवून द्यायचं, आणि मग वर्षभर "बाई, तुमचं मशीन शिट्टी मारतं हो" ही तक्रार ऐकायची. एक आजोबा तर म्हणाले होते, मशीन चांगलं आहे, शिट्टी आमची हीच मारते. एवढी जबाबदार बाई, पण घरात अजून छकूच. बहीण छकू म्हणायची, बहिणीचा नवरा छकू म्हणायचा, आणि कार्यक्रमाच्या शेवटी ओळख करून देताना थोरली भर माइकवरून सांगायची, "आणि गिटारवर माझी छकू!" लोक टाळ्या वाजवायचे. कशाला वाजवायचे ते देव जाणे.

थोरली गाणारी. भावोजी साउंडवाले. मिक्सर, स्पीकर, लॅपटॉप, वायरींची भेंडोळी सगळं त्यांच्या ताब्यात, आणि त्यांचा कायदा एकच: मिक्सरला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. ड्रम, बेस, कीबोर्ड हे लॅपटॉपमधून यायचं. जिवंत म्हणाल तर दोनच गोष्टी, थोरलीचा गळा आणि धाकटीची गिटार. निदान धाकटीची तशी समजूत होती. त्या समजुतीपायी ती रोज पहाटे साडेपाचला उठून, दार लावून, तासभर बोटं घासायची आणि मग दुकान गाठायची.

त्या दिवशी कार्यक्रम संध्याकाळी सहाला होता आणि साउंड-चेक दुपारी साडेतीनला. चारशे खुर्च्यांचा हॉल, वरचे पंखे बंद, झाडूवाला खुर्च्यांच्या रांगांमधून कागदाचे कपटे गोळा करत निघून गेलेला. धाकटीची गिटार साधी लाकडी, पण पोटात तारांचा आवाज टिपणारा पिकअप बसवलेला आणि कुशीवर बटणांची काळी डबी. जुनी केबल खरखरायची म्हणून तिने स्वतःच्या पैशाने वीस मीटरची नवी आणली होती. "चालून बघते गं, कुठे आवाज तुटतोय का," असं थोरलीला सांगून ती वाजवत वाजवतच बाजूच्या पायऱ्यांनी खाली उतरली. थोरली वर गात राहिली. भावोजी हॉलच्या मागच्या टोकाला मिक्सरवर वाकलेले होते, त्यांचं लक्ष नव्हतं.

आता हे लक्षात घ्या की इतक्या वर्षांत धाकटी वाजवताना कधी खाली उतरलीच नव्हती. स्टेजवर तिच्या पायाशी एक छोटा स्पीकर, म्हणजे मॉनिटर, असायचा, तिच्याकडे तोंड करून. त्यात तिची गिटार ठणठणीत ऐकू यायची. हॉलमध्ये काय जातं हे तिला कुठून कळणार? वाजवणारा माणूस स्वतःचा कार्यक्रम खुर्चीत बसून ऐकत नाही.

पाचव्या रांगेशी पोचली आणि मोठ्या स्पीकरमधून गिटार अंगावर आली. स्वच्छ, गोल, प्रत्येक तार वेगळी. धाकटीला अक्षरशः लाज वाटली, इतकं छान वाजत होतं. अगं बाई, ही मी? उगाच आपण स्वतःला सुमार समजत आलो. तिला हसू फुटलं आणि ती आणखी दोन पावलं मागे सरकली. केबल ताणली. कुठल्यातरी खुर्चीच्या पायात अडकली होती. धाकटीने तारांवरचा हात काढला, खाली वाकली आणि केबल सोडवायला लागली.

गिटार वाजतच राहिली.

आधी तिला वाटलं, कानाचं काहीतरी झालं. धंदाच तो असल्यामुळे पहिला संशय कानावर. मग तिने आपला उजवा हात बघितला. हात केबलवर होता. आणि हॉलमध्ये तिनेच बसवलेली सुरावट, मग तो अंतऱ्याआधीचा छोटा उतार, मग पुन्हा ठेका, सगळं अगदी बिनचूक चाललं होतं. तिच्याशिवाय. कुणाला काही कमी पडलं नव्हतं.

ती उठून मिक्सरपाशी गेली. प्रत्येक फेडरखाली, म्हणजे आवाज वरखाली करायच्या त्या दांडीखाली, भावोजींनी कागदाच्या चिकटपट्टीवर नावं लिहिली होती. 'छकू' लिहिलेला फेडर तळाला होता. बाकीच्यांच्या खाचा हात फिरून फिरून चकचकीत झालेल्या. हिच्या खाचेत धुळीचा थर. बोटाने पुसला तर बोटावर आला.

"भावोजी, हे काय आहे?"

"अगं, तू इथे कशाला आलीस? जा, जा वर, तुझा मॉनिटर बघायचाय."

"मी विचारलं, हे काय आहे. मी वाजवत नाहीये आणि गिटार वाजतेय."

भावोजींनी लॅपटॉप थांबवला. स्टेजवर थोरलीचा आवाज अर्ध्या ओळीत एकटा पडला आणि थांबला. "बॅकअप आहे तो," भावोजी म्हणाले. "इमर्जन्सीला. आज जरा तुझ्या लाइनला प्रॉब्लेम होता म्हणून."

"आज?" धाकटीने धुळीचं बोट त्यांच्या नाकासमोर धरलं. "ही धूळ आजची आहे?"

भावोजी वायर गुंडाळायला लागले. हा माणूस अडचणीत आला की वायर गुंडाळतो. थोरली पायऱ्या उतरून आली होती. तिने एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा बहिणीकडे, आणि तिनेच सांगून टाकलं. "सात वर्षं झाली. तुला आठवतंय ना, गिटार ओरडली होती ते?"

न आठवायला काय झालं? मोठा हॉल, पहिल्या रांगेत पाहुणे, आणि तिसऱ्या गाण्यात गिटारच्या पोटातून असा घुमारा उठला की पाहुण्यांनी कानात बोटं घातली. ऊऽऽऽम करत तो वाढतच गेला. थोरली गाताना अडखळली, आणि घरी जाताना रिक्षात रडली. धाकटी आठ दिवस जेवली नव्हती नीट. मग भावोजी म्हणाले होते, मी बघतो, आता पुन्हा नाही व्हायचं. आणि खरंच पुन्हा कधी झालं नाही. धाकटीने त्यांचे किती आभार मानले होते! वाढदिवसाला त्यांना शर्टही घेतला होता.

"म्हणजे हे तुमचं बघणं," ती म्हणाली. "कोण वाजवतंय लॅपटॉपमध्ये?"

"स्टुडिओतला एक जण आहे," भावोजी पुटपुटले. "एका दिवसात कार्यक्रमातली चौदाही गाणी वाजवून दिली त्याने. पण तूच बसवलेलं आहे सगळं, हां. तुझंच आहे. त्याने नुसतं वाजवलं."

"नुसतं वाजवलं! मग मी काय करत होते?"

आणि मग एकेक गोष्ट धाकटीच्या डोक्यात येऊन आदळायला लागली. मागून ऐकू येणारा तो दुसरा गिटारचा आवाज, जो ती हॉलचा घुमारा समजायची. थोरलीचा तो हट्ट, "बसवलंय तसंच वाजव, वर काही घालू नकोस." एकदा धाकटीने हौसेने एक नवीन जागा घेतली, तर थोरली घरी येऊन दोन दिवस बोलली नव्हती. आणि त्या चुका! मधे बोट कापलं होतं तेव्हा अर्धा कार्यक्रम तिने चुकीचा वाजवला, आणि एकाही माणसाच्या ते लक्षात आलं नाही. तिला वाटलं, लोक चांगले आहेत.

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "सात वर्षं मी स्टेजवर बसून हात हलवत होते. बाहुली म्हणून बसवलं होतंत मला. आणि तुला माहीत होतं, ताई. तुला माहीत होतं आणि तू रोज माइकवरून माझं नाव घ्यायचीस!"

"ओरडू नकोस," थोरली म्हणाली. "तुला सांगितलं असतं तर तुला किती वाईट वाटलं असतं. तू वाजवणं सोडून दिलं असतंस. तुझ्यासाठीच केलं आम्ही."

"माझ्यासाठी? मग मला विचारायचं तरी! गिटारचं काय चुकतंय ते बघायचं! ते नाही सुचलं कुणाला?"

"ती गिटारच तसली आहे," भावोजी म्हणाले. "आतल्या पिकअपची ती भानगड असतेच. एक तर प्लास्टिकसारखा आवाज येतो, नाहीतर घुमते."

नाचता येईना अंगण वाकडं. धाकटीने खुर्ची ओढली आणि मिक्सरसमोर बसली. "आज लॅपटॉप बंद. गळा आणि गिटार. मला अर्धा तास द्या."

"डोकं फिरलंय का? दोन तासांवर कार्यक्रम आलाय!"

"ठीक आहे. मग मी घरी जाते. तुम्ही लॅपटॉप लावा. स्टेजवर रिकामी खुर्ची असेल आणि गिटार वाजत असेल. लोकांना सांगा, भूत आहे म्हणून."

थोरली मेकअपच्या खोलीकडे निघून गेली. दार आपटल्याचा आवाज आला. भावोजींनी वायर खाली ठेवली.

आणि मग धाकटीने जे केलं ते करताना तिचा राग कमी होण्याऐवजी वाढतच गेला, कारण त्यात अवघड असं काहीच नव्हतं. कानाचं मशीन शिट्टी का मारतं? मशीनमधून निघालेला आवाज फटीतून बाहेर येतो, परत मशीनच्याच माइकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होऊन निघतो. उपाय दुकानातली नवी पोरगीसुद्धा सांगेल: फट बुजवा, उगाच वाढवलेला आवाज उतरवा, आणि जो एक सूर बोंबलतोय तेवढाच दाबा. गिटारचं दुसरं काय होतं? हजार माणसांच्या कानांतल्या शिट्ट्या बंद केलेली बाई सात वर्षं ही गिटार मांडीवर घेऊन बसली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा! पण मिक्सरला हात लावायचा नाही ना. भावोजींचा कायदा.

पहिल्यांदा तिने काळ्या डबीचं झाकण उघडून बॅटरी काढली. चौकोनी, नऊ व्होल्टची, खालच्या टोकाशी हिरवट पडलेली. "ही कधी बदलली होतीत?"

थोरलीच्या वायरलेस माइकची बॅटरी भावोजी प्रत्येक कार्यक्रमाला नवी घालायचे, पेटीत डझनाने पडलेल्या असायच्या. त्यातलीच एक धाकटीने घातली. मग डबीवरची बटणं. खालचा सूर पूर्ण वर, वरचा सूर पूर्ण वर, आणि व्हॉल्यूम मात्र जेमतेम पाव. भावोजींनीच कधीकाळी तसं करून ठेवलेलं आणि वर ताकीद दिलेली की हलवू नकोस. तिने दोन्ही सूर मधोमध आणले आणि व्हॉल्यूम पाऊणवर नेला. मिक्सरवरचं तिचं गेन, म्हणजे आत येणारा आवाज वाढवणारं बटण, तेवढंच उतरवलं. नुसत्या एवढ्याने गिटारमागचा पावसासारखा सरसराट निम्म्याने कमी झाला.

"स्टेजवर चला," ती म्हणाली. "तो मॉनिटर बघा कसा ठेवलाय. सरळ गिटारच्या पोटात तोंड घालून! त्याचा आवाज गिटारच्या भोकात शिरणार नाही तर कुठे जाणार?"

तिने मॉनिटर बाजूला वळवला आणि उतरवला. माइकच्या पेटीतला जाड फोमचा तुकडा गोल कापला आणि गिटारच्या भोकात घट्ट बसवला, अगदी कानात साचा बसवतात तसा. मग भावोजींना मिक्सरवर बसवलं, स्वतः वर उभी राहिली आणि म्हणाली, "आता माझा फेडर वर घ्या. घुमेपर्यंत घ्या."

"घुमेपर्यंत?"

"शत्रू दिसल्याशिवाय मारणार कसा? घ्या वर."

फेडर चढला. गिटार बोलायला लागली, मोठी झाली, आणि मग तोच तो आवाज उठला, सात वर्षांपूर्वीचा, ऊऽऽऽम. भावोजींचे खांदे आक्रसले. धाकटीने मात्र त्या सुरात सूर मिळवून गुणगुणून बघितलं, मग जाड तारेवर शोधला. दांड्यावरच्या तिसऱ्या फ्रेटवर, म्हणजे तिसऱ्या घरात, सापडला. "हाच. खालचा हा एकच सूर. ते एक सूर पकडायचं बटण आहे ना तुमचं, ते फिरवत आणा. आणखी खाली. आणखी. बस्स, आता दाबा तेवढाच."

ऊऽऽऽम विरून गेलं. वरच्या बाजूचा तो चपटा, प्लास्टिकचा आवाज होता, तोही तिने थोडा उतरवायला लावला. डबीवर एक छोटं बटण होतं, पिकअपचा आवाज उलटा करणारं. ते दाबलं तशी राहिलेली किंचित घुरघुर पण गेली. धाकटीने एक स्वर छेडला. चारशे रिकाम्या खुर्च्यांवरून तो शेवटच्या भिंतीपर्यंत गेला. त्या स्टुडिओवाल्याइतका गुळगुळीत नव्हता. बोट सरकल्याचा आवाज होता त्यात, नखाचा होता. तिचा होता.

तिने भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. पंचवीस मिनिटं.

"पंचवीस मिनिटं, भावोजी," ती म्हणाली. "सात वर्षं तुम्ही मला खोटं वाजवायला लावलंत, कारण ही पंचवीस मिनिटं तुम्हाला द्यायची नव्हती."

भावोजी मिक्सरमागून उठले नाहीत. मान खाली घालून म्हणाले, "छकू, चुकलं माझं. कबूल. पण लॅपटॉप बंद नाही करता येणार. फक्त तुझ्यामुळे नाही."

"म्हणजे?"

त्यांनी शेवटच्या फेडरकडे बोट केलं. त्याखालच्या चिकटपट्टीवर नुसतं 'वर' लिहिलं होतं. त्या खाचेत धूळ नव्हती.

दोन वर्षांपूर्वी थोरलीच्या घशाचं दुखणं झालं होतं. त्यातून ती बरी झाली, पण वरच्या जागा गेल्या. आवाज तिथे चिरतो. भावोजींनी जुन्या रेकॉर्डिंगमधून तेवढे तुकडे काढून लॅपटॉपमध्ये भरले होते. चौदापैकी अकरा गाण्यांत. जागा आली की ते तिच्या माइकचा फेडर अलगद खाली घेतात आणि हा फेडर वर. लॅपटॉपच्या ठेक्यावर गायचं असल्यामुळे बरोबर जुळतं. गिटार मोकळी वाजली, ठेका सुटला, की जुळणार नाही.

"ताईला माहीत आहे?"

"नाही. मॉनिटरमध्ये तिचाच आवाज असतो आणि सगळा गोंगाट. तिला वाटतं, लागतोय. सांगू नकोस गं तिला. मोडून पडेल ती."

धाकटीला हसूच आलं, पण ते ऐकून भावोजी दचकले. केवढा मायाळू माणूस! घरातल्या दोन्ही बायकांना त्याने फुलासारखं जपलं होतं, आवाज बंद करून.

ती मेकअपच्या खोलीत गेली तेव्हा थोरली आरशासमोर बसून डोळ्यांना काजळ लावत होती. तिने वळून बघितलं नाही. "झालं समाधान?" ती आरशातल्या धाकटीला म्हणाली. "इतका तमाशा कशाला, मला कळत नाही. आपल्या माणसाचं उणं झाकून घ्यायचं असतं, छकू. झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या माझं काही बिनसलं तर तू पण हेच करशील."

"नाही करणार," धाकटी म्हणाली.

आणि तिने सांगून टाकलं. लॅपटॉप, शेवटचा फेडर, अकरा गाणी, दोन वर्षं. खरं बोलण्याच्या हौसेने सांगितलं असं म्हणणं खोटं ठरेल. निम्मा तरी सूड होता त्यात. शब्द लागावेत म्हणूनच ती सावकाश बोलत होती, आणि ते लागले.

"खोटं बोलतेस," थोरली म्हणाली. काजळाची कांडी तिने टेबलावर ठेवली, पाठ ताठ केली, आणि तिथेच, आरशासमोर, पहिल्या गाण्यातली ती वरची जागा घेतली. खोली छोटी, मॉनिटर नाही, गोंगाट नाही. आवाज चढला, चढला, आणि जुन्या कापडासारखा टर्रकन फाटला. तिने पुन्हा घेतली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं.

धाकटीला वाटलं होतं, आता बरं वाटेल. वाटलं नाही.

"खालच्या पट्टीत घेऊ या," ती शेवटी म्हणाली. "तारांवरचा कॅपोचा चिमटा दोन फ्रेट खाली सरकवला की झालं. तुझा आवाज तिथे अजून भरलेला आहे."

"मी माझी पट्टी सोडणार नाही."

"ताई..."

"नेहमीच्याच पट्टीत वाजवायचं! आणि त्यांना सांग, त्या लॅपटॉपला हात लावलात तर घरी येऊ नका."

सहाला हॉल भरला. पडदा वर गेला तेव्हा स्टेजवर एक माइक, एक खुर्ची आणि दोघी बहिणी एवढंच होतं. हॉलच्या टोकाला भावोजी मिक्सरवर, लॅपटॉप मिटलेला.

धाकटीने सुरुवात केली आणि पहिल्या चार ठोक्यांतच तिला घाम फुटला, कारण हे सगळं आता ऐकू जात होतं. बोटं जड झाली. दुसऱ्या ओळीत तिचं एक बोट चुकीच्या तारेवर पडलं आणि तो बेसूर थेट शेवटच्या भिंतीपर्यंत गेला. तिसऱ्या रांगेतल्या एका बाईने मान वर करून तिच्याकडे बघितलं. आजवर धाकटीकडे असं कुणी बघितलं नव्हतं. तिने दात-ओठ खाल्ले आणि पुढे वाजवत राहिली, आणि कडव्यापर्यंत बोटं मोकळी झाली. थोरली गात होती, पण लॅपटॉपच्या सवयीने, समोर बघत, ठेका आपोआप पायाखाली येईल अशा भरवशावर. ती गिटार ऐकतच नव्हती. दोनदा ती पुढे गेली आणि दोनदा धाकटीने धावत जाऊन तिला गाठलं.

मग ती जागा आली.

थोरलीने मान उंचावली, हात उचलला, आणि आवाज फाटला. मेकअपच्या खोलीत फाटला होता तसाच, फक्त चारशे माणसांसमोर. कुणीतरी खोकलं. हॉलच्या टोकाला भावोजी ताडकन उभे राहिले.

अशा वेळी साथ करणाऱ्याने काय करायचं हे धाकटीला पाठ होतं. जोरात झणकार करायचा, फाटलेलं त्यात बुडवायचं आणि पुढच्या ओळीवर जायचं. हात उचललाही तिने. एक क्षण, खोटं कशाला बोला, तिला वाटलं, बरं झालं. दुसऱ्या क्षणी वाटलं, झाकावं, बिचारीचं झाकावं. मग तिने दोन्ही सोडून दिलं, तळहात तारांवर ठेवला आणि गिटार बंद केली. हॉलमध्ये आता कसलाच आवाज नव्हता.

थोरली वळली. तिच्या चेहऱ्यावर आधी संताप होता, मग काहीच नव्हतं. माइक हातात चालू आहे हे ती विसरली असावी किंवा विसरली नसावी.

"खाली घे," ती म्हणाली. अख्ख्या हॉलने ऐकलं.

धाकटीने कॅपो काढला आणि चौथ्या फ्रेटवरून दुसऱ्यावर लावला. एक तार चढली होती, ती सर्वांदेखत उतरवून सुरात आणली. घाई केली नाही. लोक थांबले होते. थोरली परत लोकांकडे वळली नाही. खुर्चीजवळ आली, अगदी गिटारला हात लागेल इतकी जवळ, आणि बहिणीच्या उजव्या हाताकडे बघत उभी राहिली.

धाकटीचा राग गेला नव्हता. तो बरेच दिवस जाणार नव्हता, घरी गेल्यावर त्याला आणखी पुष्कळ काही बोलायचं होतं. तिने थोरलीकडे बघितलं नाही. तिने स्वर दिला, आणि थोरलीने आधी तो पुरता ऐकून घेतला, मगच तोंड उघडलं.